इंजिनीअरिंग की बी.एस्सी.? अवकाश भौतिकशास्त्रातल्या पस्तीस वर्षांवरून

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला दोन दिवस घेतले, कारण घाईत उत्तर देण्यासारखा तो नाही. मुलगी बारावीला, ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, तिला अवकाश शास्त्रज्ञ व्हायचंय. घरचे म्हणतात आधी इंजिनीअरिंग, मग इस्रो. ती म्हणते मला फिजिक्सच शिकायचंय. आणि तुम्हाला हवंय ते हे, की या लोकांचं आयुष्य नेमकं असतं कसं. मी या क्षेत्रात पस्तीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर खारघरला असते. शाळा-कॉलेज ठाण्यातलंच, त्यामुळे तुमच्या घरातली चर्चा मला शब्दन् शब्द ऐकू येतेय.

आधी एक गैरसमज दूर करते. रॉकेट आणि उपग्रह बांधणं हे मुख्यतः इंजिनीअरचं काम. तो उपग्रह वर जाऊन काय मोजणार, कशासाठी मोजणार आणि खाली आलेल्या आकड्यांचा अर्थ काय, हे भौतिकशास्त्रज्ञाचं काम. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, पण दोघांचा दिवस अगदी वेगळा जातो. विक्रम साराभाई स्वतः अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांवर काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. 21 नोव्हेंबर 1963 ला आपल्या देशातून पहिलं रॉकेट केरळातल्या थुंब्याहून सुटलं, तेही उगीच नाही. चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं आणि त्याच्या वर साधारण 100 किलोमीटर उंचीवर दिवसा विजेचा एक प्रवाह वाहतो. फुगा तिथवर पोचत नाही, उपग्रह तिथे टिकत नाही, म्हणून रॉकेट. म्हणजे थुंबा हे ठिकाण ठरलंच भौतिकशास्त्राच्या प्रश्नावरून. इंजिनीअरिंगचा आग्रह धरणाऱ्या तिच्या काकांना हे जरूर सांगा.

माझा विषय पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आणि सूर्य त्याला देत असलेले धक्के. त्यात मी पडले ती एका सहलीमुळे. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि पुढे एस.टी.ने अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत गेलो. आत शिरण्याआधी घड्याळ, किल्ल्या, चिल्लर, पट्टे सगळं बाहेर काढून ठेवलं. टांगलेल्या चुंबकाचं वाचन दाखवत होते. मी पुढे झाले की दुर्बिणीतली खूण किंचित सरकायची, मागे आले की परत जागेवर. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा कळलं, माझ्या पदराची सेफ्टी पिन! रागावलं कोणी नाही. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत एक इवलासा प्रकाशठिपका हळूहळू फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर रात्रंदिवस रेघ ओढत होता. त्या रेघेत सूर्याची हालचाल दिसते, असं सांगणाऱ्या सरांचा चेहरा मला अजून आठवतो. परतीच्या लाँचमध्ये माझं ठरलं होतं.

ती वेधशाळा अलिबागला का आहे, हेही मुलीला सांगा. मुळात ती 1841 पासून मुंबईतल्या कुलाब्याला. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा संचालक होते नानाभॉय मूस. ट्रामच्या प्रवाहाने नोंदी नासणार हे ओळखून त्यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, आणि 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, जुन्या आणि नव्या नोंदींची सांधेजोड नीट व्हावी म्हणून. मला विचाराल तर शास्त्रज्ञाचं काम म्हणजे काय ते या दोन वर्षांत आहे. त्या नोंदी किती मोलाच्या, ते पुढे दिसलं. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेलं चुंबकीय वादळ आजवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक. कुलाब्यात तेव्हा कोणीतरी डोळ्यांनी वाचून, हाताने आकडे लिहून ठेवले होते. त्यात चुंबकीय क्षेत्राची सुमारे 1,600 नॅनोटेस्लाची (हे क्षेत्र मोजायचं एकक) घसरण दिसते. त्या कागदांवरचा शोधनिबंध 2003 मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. लिहिणारा गेला, आणि आकडे जवळजवळ दीडशे वर्षांनी कामाला आले.

आता आयुष्याचं. पीएच.डी.ला मी बाहेरगावी होते. आमच्या गटाने रॉकेटमधून वर पाठवायचं एक उपकरण चार वर्षं खपून केलं होतं, आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, इलेक्ट्रॉनांची घनता मोजायला. अशी उड्डाणं काही मिनिटांची असतात. रॉकेट उत्तम गेलं, पण आमच्या उपकरणाचा दांडा उघडलाच नाही आणि आलेल्या आकड्यांत नुसता गोंगाट. त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बसून रडले. पुढचं उड्डाण मिळायला जवळपास तीन वर्षं लागणार होती, म्हणून प्रबंधाचा विषय बदलला आणि जमिनीवरच्या नोंदींकडे वळले. आज वाटतं ते बरंच झालं, पण तेव्हा तसं कोणी म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं.

थांबण्याची तयारी या कामात फार लागते. आदित्य-एल1 चंच बघा. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाची कल्पना 2008 ची, यान सुटलं 2 सप्टेंबर 2023 ला आणि पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर आपल्या जागी स्थिरावलं 6 जानेवारी 2024 ला. मधल्या काळात कित्येकांची पोरं शाळेत जाऊन कॉलेजातून बाहेर पडली. त्यावरची सगळी उपकरणं इस्रोच्या केंद्रांतच झाली असंही नाही. सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत आकाराला आली, किरीट म्हणजे सूर्याभोवतीचं बाहेरचं वातावरण पाहणारं उपकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेत. म्हणून 'इस्रोत लागली तरच अवकाश शास्त्रज्ञ' हे घरच्यांचं समीकरण बरोबर नाही.

रोजचा दिवस? निम्मा वेळ संगणकावर आकडे स्वच्छ करण्यात. खरा धक्का कुठला आणि शेजारच्या पंपाने उडवलेली रेघ कुठली, हे ओळखण्यात. उरलेला वेळ वाचन, विद्यार्थी, प्रस्ताव, आणि परीक्षकांनी परत पाठवलेले शोधनिबंध पुन्हा लिहिणं. माझे एक सहकारी चुंबकीय नोंदींसाठी अंटार्क्टिकावर मैत्री स्थानकात अख्खा हिवाळा राहून आले. मला लेकीमुळे जाता आलं नाही, त्याची हळहळ आजही आहे. पैशांबद्दल सरळ सांगते. पीएच.डी.ची फेलोशिप आज दरमहा 37,000 रुपये, पुढे 42,000, वर घरभाडं. त्यानंतर दोन-चार वर्षं बहुधा परदेशात किंवा दुसऱ्या शहरात करारावर. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उलटते आणि तोवर तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी घरं घेतलेली असतात. नोकरी लागली की सरकारी वेतनश्रेणी, संसार नीट चालतो. हे तिला आत्ताच माहीत असू द्या.

आणि आनंद कुठे असतो, तेही सांगते. 10 मे 2024, अक्षय्य तृतीया. घरी आमरस-पुरी झाली होती, पाहुणे नुकते गेले होते. सूर्यावरून विद्युतभारित वायूचे एकामागून एक ढग निघाल्याचं आधीच कळलं होतं, म्हणून लॅपटॉप उघडाच ठेवला होता. रात्री साडेदहाच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राची रेघ एकदम वर उडाली, आणि मग घसरायला लागली. आपल्याकडे क्षितिजसमांतर क्षेत्र असतं सुमारे 38,000 नॅनोटेस्ला, शांत दिवशी ते साधारण शंभराच्या आतच हलतं. सकाळपर्यंत वादळाचा जागतिक निर्देशांक शून्याच्या खाली 400 च्या पलीकडे गेला होता. त्याच रात्री लडाखात हानलेला ध्रुवीय प्रकाशाने आकाश लाल झालं. मी रात्रभर झोपले नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पोटात तोच गोळा, अलिबागच्या अंधाऱ्या खोलीतला.

उपयोग काय, असं घरचे विचारतीलच. फेब्रुवारी 2022 मध्ये एका मध्यमशा वादळाने वरचं वातावरण फुगलं आणि इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले 49 पैकी 38 उपग्रह खाली येऊन जळाले.

मार्ग असा: आयसर या विज्ञान संस्थांची अभियोग्यता परीक्षा आणि नेस्ट ही दुसरी प्रवेश परीक्षा, दोन्हींचे फॉर्म भरा. नेस्टमधून भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था किंवा आपल्या कलिन्याची मूलभूत विज्ञानांची संस्था मिळते. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देणार असेल तर तिरुवनंतपुरमची आयआयएसटी ही अवकाश विज्ञान-तंत्रज्ञान संस्थाही आहे, तिथे भौतिकशास्त्र आणि इंजिनीअरिंग एकत्र घेता येतं, घरचेही खूश. यातलं काही झालं नाही तर ठाण्यातच बी.एस्सी. करू दे. माझं तेच झालं होतं. फक्त गणित आणि प्रोग्रामिंग कच्चं राहू देऊ नका, आणि पहिल्या वर्षापासून मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमावर लक्ष ठेवा. पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी.साठीच्या परीक्षा, जॅम, नेट, जेस्ट, टीआयएफआरची प्रवेश परीक्षा, ते तिला कॉलेजात कळेलच.

28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आसपास, बऱ्याच संशोधन संस्था सगळ्यांसाठी दारं उघडतात. नवीन पनवेलची भूचुंबकत्व संस्था तुम्हाला लांब नाही, तिथे त्या दिवसांत काय आहे ते आधी विचारून घ्या आणि तिला घेऊन जा. काकांनाही न्या. मी येईन बरोबर, फक्त दोन दिवस आधी कळवा.