शिष्यवृत्तीच्या पत्रातली बारीक अक्षरं

लॉ कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली, अभिनंदन! पण पत्रावर सही करण्याआधी अटी दोनदा वाच. शिष्यवृत्ती पहिल्याच वर्षापुरती आहे का? पुढे चालू राहायला किती गुण लागतात? काही लॉ कॉलेजांत गुण वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरतात, त्यामुळे कायम पहिला येणाराही इथे मध्येच कुठेतरी अडकतो आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण फी अंगावर येते. मी ही अट वाचलीच नव्हती. ते वर्ष उसनवारीत गेलं. दुसऱ्या कॉलेजने जास्त देऊ केलं असेल तर ते पत्र दाखवून रक्कम वाढवून माग. लाज कसली, वकिलीच करायची आहे ना! कर्ज घेतलंस तर शिकत असतानाच व्याज चढतं का, ते विचार. सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेचा खर्च आणि त्यानंतरचे बिनकमाईचे महिने शिष्यवृत्तीत सहसा धरलेले नसतात.