तोडणीच्या तोंडावर संत्री गळताहेत, फळाला सुईएवढं भोक आहे, काय फवारू?

तुम्ही लिहिलंय की काकांचा काटोलजवळचा बगीचा यंदा तुमच्याकडे आला, आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची फळं) तोडायला महिना-दीड महिना आहे, रोज सकाळी झाडाखाली फळांचा सडा पडलेला असतो, फळाला बारीक भोक आहे आणि दुकानवाला दर आठवड्याला नवीन बाटली हातात देतो. तर माझं उत्तर असं की ती बाटली आधी बाजूला ठेवा.

पडलेलं एक फळ उचला, भोकाजवळची साल सोलून बघा. आत बारक्या पांढऱ्या अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. अळी एकही नाही, पण भोकाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडलाय, दाबलं की रस बाहेर येतो, तर तो रस शोषणारा पतंग, आणि तुमच्या वर्णनावरून मला तोच वाटतो. आमच्या नागपूर जिल्ह्यात आंबियाचं फळ रंग धरायला लागलं की ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत याचाच त्रास जास्त.

आता फवारणी का लागू पडत नाही ते सांगतो. हा पतंग तुमच्या झाडावर जन्मतच नाही. त्याची अळी गुळवेल, वासनवेल असल्या वेलींवर वाढते, म्हणजे धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुनिंबावर जी गुळवेल चढलेली असते ना, तिथे. दिवसा तो बगीच्यात नसतो, दिवेलागणीला येतो, सोंड सालीतून थेट गरात घुसवतो आणि रस पिऊन निघून जातो, मग तुम्ही दुपारी सालीवर मारलेलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? मरतात ते किडी खाणारे मित्रकीटक, आणि ते मेले की पुढे पानांतला रस शोषणारी काळी माशी डोकं वर काढते, पानाफळांवर कोळशी म्हणजे काळी बुरशी चढते, म्हणजे पुन्हा नवीन बाटली.

म्हणून खरं काम संध्याकाळचं आहे. आमच्या घरी तान्हा पोळा झाला की सगळं वेळापत्रकच बदलतं, आई अंधार पडायच्या आत स्वयंपाक उरकते, कारण सातच्या सुमारास सगळे वावरात. वारा जिकडून येतोय त्या बाजूला गोवऱ्या पेटवायच्या, वर कडुनिंबाचा ओला पाला अन् ओलं गवत टाकायचं, जाळ नको, नुसता धूर पाहिजे आणि तो झाडांच्या ओळींतून सरकत गेला पाहिजे. फळाच्या वासावर पतंग येतो, धुराने तो वास दबतो. मग जेवण करून बाबा आणि काका टॉर्च घेऊन निघतात. टॉर्चच्या उजेडात फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे लालसर चमकतात, पुढचे पंख वाळक्या पानाच्या रंगाचे, पण हलला की खालचे पिवळे-नारिंगी, काळ्या पट्ट्याचे पंख दिसतात, एकदा बघितला की विसरत नाही. जाळीने पकडून तिथेच मारायचा. तसंही रानडुकरांसाठी जागल करावीच लागते, त्यातच हे होऊन जातं.

सकाळचं काम त्याहून महत्त्वाचं आहे आणि त्याचाच लोक आळस करतात. पडलेलं प्रत्येक फळ रोज उचला आणि खोल खड्ड्यात पुरून वरून माती दाबा. धुऱ्यावर किंवा नाल्यात नाही टाकायचं, सडक्या फळाच्या वासाने आणखी पतंग येतात, आणि फळमाशी असेल तर तिची अळी फळातून निघून मातीत कोष करते, म्हणजे पुढची पिढी तुम्हीच पाळली. गुळवेल औषधी आहे म्हणून आमची आजी ती तोडू देत नव्हती, मग घराजवळ एक वेल ठेवला आणि बगीच्याच्या कडेच्या सगळ्या काढल्या. काढताना पानं उलटून बघा, काळपट अळी अंग वाकवून बसलेली असते, अंगावर डोळ्यासारखे गोल ठिपके. तीच ही.

पतंगासाठी विषारी आमिषही करतात, दोन लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, २० मिली मॅलाथिऑन आणि पडलेल्या फळांचा थोडा रस, रुंद तोंडाच्या डब्यात, वर बल्ब. लेकरं अन् जनावरं पोचणार नाहीत अशाच जागी ठेवा, सकाळी झाकून टाका. फळमाशी निघाली तर मिथाइल युजेनॉलचे (त्याच्या वासाने माशी येते) सापळे, एकरी दहाएक, पण त्यात फक्त नर अडकतात, म्हणून फळं उचलणं चुकत नाही.

आणि कशासाठीही फवारावंच लागलं तर लेबलवर शेवटची फवारणी आणि तोडणी यात किती दिवस पाहिजेत ते वाचा, डब्यावरचा त्रिकोण बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून आमच्याकडे हातमोजे अन् मास्क नसेल तर बाबा पंपाला हात लावू देत नाहीत, मजुरालाही नाही. तुम्हीही देऊ नका, प्लीज.

सगळी गळ पतंगाचीच नसते हेही बघा. भोक नाही, जमिनीलगतची फळं तपकिरी पडून सडताहेत, तर ती पावसानंतरची बुरशी, लोंबत्या फांद्यांना बांबूचा टेकू द्या आणि बगीच्यात पाणी साचू देऊ नका. खोडातून डिंक येत असेल तर खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. तरी कळलं नाही तर दोन्ही प्रकारची पाच-सहा फळं वेगवेगळ्या पिशवीत घालून नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत घेऊन जा, फळ हातात घेऊन सांगतात. व्यापारी उभा बगीचा मागायला आला तरी त्याच्याशी भाव बोलायच्या आधी हे करून घ्या, कारण गळ दिसली की तो पहिले तिकडेच बोट दाखवतो.