‘तिन ङुओंग’ला मराठीत काय म्हणावे?

व्हिएतनाम सरकारच्या लोकसंस्कृती जपण्याच्या धोरणावरचा मजकूर मराठीत आणताना एकांचे अडले आहे. ‘तिन ङुओंग’ या शब्दाला ‘श्रद्धा’ घातले, पण वाक्ये लंगडतात, असे ते म्हणतात.

लंगडणारच. (बाराखडीत घोकलेला ङ शब्दारंभी वापरायची संधी मिळाली, हा माझा फायदा!) शब्द मूळचा चिनी: ‘तिन’ म्हणजे विश्वास, ‘ङुओंग’ म्हणजे मान वर करून आदराने पाहणे. आपली श्रद्धा मनात असते, हाताने काही केले नाही तरी चालते. व्हिएतनामच्या २०१६च्या कायद्यातली व्याख्या मात्र परंपरागत रीतिरिवाजांशी जोडलेल्या विधींतून दिसणारा विश्वास अशी आहे. पूर्वजांची पूजा, गावासाठी वा देशासाठी झिजलेल्यांचे स्मरण त्यात येते. ग्रंथ, नियम आणि संघटना असलेला धर्म म्हणजे ‘तोन झाओ’. कायद्याच्या नावातच दोन्ही शब्द शेजारी आहेत. म्हणून ‘धर्म’ही बाद.

तिसरा शब्द ‘मे तिन’, म्हणजे अंधश्रद्धा. खरी गंमत इथे आहे. मातृदेवतांच्या उपासनेतले ‘हाउ दोंग’, म्हणजे माध्यमाच्या अंगात देवता येण्याचा विधी, एकेकाळी ‘मे तिन’ म्हणून बंद पाडला जाई. नोव्हेंबर २०१६मध्ये वरचा कायदा झाला आणि डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही उपासना आली, अर्थात ‘तिन ङुओंग’ या नावाने. तरी दंडसंहितेच्या कलम ३२०मध्ये अंधश्रद्धेच्या धंद्यांत भविष्यकथनाशेजारी ‘दोंग बोंग’ अजून आहेच. तेच ‘दोंग’, म्हणजे अंगात येणारे माध्यम! शब्द कुठला लागतो, यावर वारसा की गुन्हा हे ठरते. त्यामुळे अनुवादात तिन्ही शब्द कटाक्षाने वेगळे ठेवा. आपल्याकडे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात ‘अंधश्रद्धा’ शब्द नाही, ‘अनिष्ट व अघोरी प्रथा’ आहेत. तिथेही शब्दांवर बराच खल झाला होता.

माझा कौल ‘लोकोपासना’ला. ‘उपासना’ म्हणजे मुळात जवळ बसणे. त्यात भाव आहे आणि कृतीही. ‘लोकश्रद्धा’ बातमीत खपेल, कायद्याच्या भाषांतरात नको. ‘कुळाचार’ मला मोहवतो, कारण घरोघरच्या पूर्वजपूजेला तो चपखल आहे. पण फू थो प्रांतात देशाचे आद्य राजे मानलेल्या हुंग राजांची पूजा सगळा देश करतो, चांद्र तिसऱ्या महिन्याच्या दशमीला त्यासाठी सार्वजनिक सुट्टी असते. तिथे कुळाचार तोकडा पडतो.

‘हाउ दोंग’ला ‘संचार’ म्हणा. ‘झपाटणे’ मात्र नको, कारण ‘हाउ’ म्हणजे सेवेला हजर राहणे.