नदीकाठच्या जंगलात लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची नोंद कशी करावी? कोकणातल्या एका नदीकाठी दोन फेऱ्या मारल्या, आठच प्रकार मिळाले.

आठच मिळाले, म्हणजे बहुधा तुम्ही ओंडक्यांची वरची बाजू पाहिलीत. ओंडका काठीने उलटा (विंचू असतात). खाली रंग फासल्यासारखे पांढरे, पिवळट, राखाडी थर दिसतील. त्यांना ना टोपी ना दांडा, म्हणून नवख्यांच्या यादीत ते येतच नाहीत. बोटाएवढ्या डहाळ्याही अशाच सुटतात. पाहून झालं की ओंडका होता तसा ठेवा.

नदीकाठी लाकडाची ओल हातभर अंतरावर बदलते, सगळी मेख तिथे आहे. कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांखाली ओल गेली की कुजणं थांबतं. उलट पूर्ण बुडालेल्या लाकडात हवाच नसते, तिथे टोपीवाल्या बुरशीचं काही चालत नाही. त्यामुळे अर्धवट बुडालेला ओंडका टोकापासून टोकापर्यंत बघा. उन्हात वाळणाऱ्या टोकाला केशरी-लाल पिक्नोपोरस आणि शिझोफिलम कम्यून मिळेल. शिझोफिलमच्या टोपीखालच्या पातळ पडद्या कडेला उभ्या चिरलेल्या असतात. कोरड्यात मिटतात, पाऊस पडला की उघडतात. सावलीतल्या ओल्या भागात कानाच्या पाळीसारखी लिबलिबीत ऑरिक्युलॅरिया.

काठाला समांतर ५० बाय १० मीटरचे पट्टे आखा, एक पाण्यालगत, एक पूररेषेच्या वर. प्रत्येक लाकडाचा व्यास, झाड, साल, सुरी किती रुतते (म्हणजे किती कुजलंय) आणि पाण्यापासूनचं अंतर लिहा. एका ओंडक्यावर एकाच जातीच्या वीस टोप्या असल्या तरी नोंद एकच. इथे चुकलात तर पुढचे सगळे आकडे फुगतात. पुरात वाहून आलेलं लाकूड वेगळ्या रकान्यात, कारण त्यावरची बुरशी वरच्या जंगलातूनही आलेली असू शकते. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला जा. कठीण, बारमाही टोप्यांसाठी जानेवारीत एक फेरी पुरते.

लाकूड पांढुरकं होऊन धाग्याधाग्यांनी सुटत असेल तर बुरशी लिग्निनही, म्हणजे लाकडाला कडक करणारा भागही, खाते आहे. तपकिरी होऊन चौकोनी तुकडे पडत असतील तर मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे लाकडातले धागे, जातंय. जांभूळ, करंज, उंबर यांच्यावर पहिलाच प्रकार जास्त.

नमुने कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये संध्याकाळपर्यंत चिखल होतो. वनखात्याची परवानगी आधी घ्या. टोपीच्या खालच्या बाजूची छिद्रं दहापट भिंगाखाली पट्टी धरून मोजा, मिलिमीटरला किती ते. बीजाणूंच्या रंगासाठी टोपी अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर रात्रभर पालथी ठेवा. मग ४० ते ४५ अंशांना वाळवून आठवडाभर उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये, नाहीतर किडे पीठ करतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या ५ टक्के द्रावणाचा थेंब टाकून तपकिरी गर काळा पडला तर फेलिनस या बुरशीच्या गोतावळ्यात शोधा. फणसावरचा फणसांबा त्यातलाच.

आणि लाखेसारखी चकचकीत टोपी दिसली की गॅनोडर्मा ल्युसिडम लिहून मोकळं होऊ नका. ते नाव इंग्लंडमधल्या बुरशीला दिलेलं आहे, आपल्याकडच्या बहुतेक वेगळ्या जातीच्या निघतात. नुसतं ‘गॅनोडर्मा’ लिहा आणि नमुना जपून ठेवा.