बागेचे प्रश्न : ऑर्किड आणि गोव्याचा पाऊस

प्रश्न (फोंडा) : नर्सरीतून प्लॅस्टिकच्या कुंडीत आणलेलं डेंड्रोबियम ऑर्किड मेपर्यंत छान होतं. जुलैत पानं पिवळी पडून गळू लागली, आता दोन खोडं बुडाशी काळी आणि मऊ झाली आहेत. कुंडी बाल्कांवाच्या कठड्यावर असते. पाऊस नसेल त्याच दिवशी पाणी घालतो.

उत्तर : कुंडी उपडी करून बघा, आत बहुधा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, निघेल. घाटावरच्या कोरड्या हवेत ते चालून जातं, आपल्याकडे जुलैत ते वाळतच नाही. डेंड्रोबियम झाडांच्या सालीवर वाढतं. त्याच्या मुळांवर पांढरट आवरण असतं, ते पाणी पटकन शोषतं आणि मग त्याला वारा लागतो. सतत ओलं राहिलं की मूळ गुदमरून सडतं आणि कूज खोडात चढते.

रोप आजच बाहेर काढा, गणेशचवथीपर्यंत थांबू नका. मुळं नळाखाली धुऊन एकेक चिमटीत धरा. टणक लागलं तर जिवंत. साल सुटून हातात नुसता दोरा राहिला तर ते मेलेलं, कापून टाका. काळं खोड ज्योतीवर तापवलेल्या ब्लेडने कापा. कापात तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली कापा, आतला गर स्वच्छ दिसेपर्यंत. खोडाच्या कापावर दालचिनीची पूड लावा, पण मुळांना ती लावू नका, मुळं सुकतात. काळी कूज बहुतेकदा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूची असते आणि तिच्यावर कार्बेन्डाझिम हे नेहमीचं बुरशीनाशक चालत नाही. मेटॅलॅक्सिल-मँकोझेबचं मिश्रण लिटरला 2 ग्रॅम घेऊन त्यात रोप 10 मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. तांब्याची औषधं टाळा, डेंड्रोबियमची पानं भाजतात. नंतर एक दिवस रोप सावलीत उघडं ठेवा.

नवी कुंडी मातीची, बाजूंना भोकं असलेली, 4-5 इंचांची. मोठी कुंडी घ्यायचा मोह होतो, पण ती जास्त वेळ ओली राहते. भराव म्हणून दोन भाग लाकडी कोळसा आणि एक भाग फुटक्या कौलांचे तुकडे, सगळे 2-3 सेंटिमीटरचे. नारळाचं सोडण पावसाळ्यात नकोच. उन्हाळ्यात घालायचं असेल तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, पाण्याला रंग येईनासा झाला की वापरा. रोप काठीला घट्ट बांधा, कारण ते हललं की मुळांची कोवळी टोकं मोडतात. तीन-चार दिवस पाणी नको. पुढे मुळं हिरवी दिसली तर थांबा, चांदीसारखी पांढरी झाली की घाला. कुंडी कौलांच्या पागोळ्यांपासून लांब, पण उजेडात आणि वाऱ्यावर टांगा.

खत पाऊस ओसरल्यावर : 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), लिटरला 1 ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साधं पाणी घालून मगच. महिन्यातून एकदा भरपूर साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, नाहीतर क्षार साठून मुळांची टोकं काळी पडतात.

प्रश्न (म्हापसा) : डेंड्रोबियमची पानं गळालेली जुनी खोडं कापावीत का?

उत्तर : टणक आणि हिरवी असतील तोवर नको. नव्या कोंबाचं अन्नपाणी त्यांच्यातच साठलेलं असतं, आणि कधीकधी त्यांनाही पुन्हा फुलं येतात.

प्रश्न (मडगाव) : फ्लॅटमधल्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं गर्द हिरवी आणि मोठी आहेत, पण पुन्हा फूल आलेलं नाही.

उत्तर : गर्द हिरवा रंग म्हणजे उजेड कमी. पान पोपटी-हिरवं दिसायला हवं. पूर्वेच्या खिडकीशी, सकाळचं कोवळं ऊन मिळेल असं ठेवा, दुपारचं ऊन मात्र पान जाळतं. फुलांच्या दांड्यासाठी काही आठवडे रात्री गारवा लागतो, साधारण 25 अंशांच्या खाली. आपल्याकडे तो डिसेंबर-जानेवारीत मिळतो, म्हणून त्या दिवसांत रात्री खिडकी उघडी ठेवा. पाणी सकाळीच घाला आणि मधल्या पानांच्या बेचक्यात साचलं तर कागदाने टिपून घ्या. तिथून कुजलं तर रोप सहसा वाचत नाही. फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या गाठीच्या वर कापा, तिथून फाटा फुटू शकतो.

प्रश्न (वाळपई) : कुळागरात (पोफळीच्या बागेत) वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड आहे. ती घरच्या आंब्यावर लावता येईल?

उत्तर : स्वतःच्या कुळागरातली असेल तर अवश्य वाचवा. मात्र अभयारण्यातून, पडलेल्या फांदीवरूनही, काही उचलणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मुळं फांदीपासून सोडवू नका, तुटतील. फांदीचा तेवढा तुकडाच कापून घ्या आणि काथ्याने आंब्याच्या खडबडीत खोडाला, पूर्वेच्या बाजूला बांधा. पेरूवर नको, त्याची साल सुटते. मागे सोडण किंवा शेवाळ ठेवू नका, पाऊस पुरेसा आहे. नवी मुळं सालीला चिकटली की काथ्या सोडा. फुलोरा मे-जूनच्या सुमारास येतो, पण पहिल्या वर्षी आला नाही तर जागा बदलू नका.