घोड्यांमध्येच करिअर करू, की दुसरी नोकरी धरून स्वतःचा घोडा पाळू?

एकाच पगारात दोन्ही जमेल असं धरून चालू नका. तबेल्यातल्या पगारात घोडा पोसणं बहुतेकांना जड जातं, आणि घोडा परवडेल अशा नोकरीत त्याच्यासाठी वेळ उरत नाही. दिवसभर घोड्यांत राहायचंय की एक घोडा आपला म्हणायचाय, हे आधी ठरवा.

मालकीचा हिशेब खरेदीच्या किमतीवरून करू नका, तो खर्च एकदाच होतो. 500 किलोच्या घोड्याला वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे रोज 10 किलो सुका चारा लागतो. वर्षाचा साडेतीन टनांच्या वर. कष्टाचं काम असेल तर चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, वेगळी. नाल ठोकलेली असो वा नसो, दर 6 ते 8 आठवड्यांनी वाढलेली खुरं कापायला नालबंद लागतोच. दात वर्षातून एकदा कानशीने घासून घ्यावे लागतात. नाहीतर धारदार कडांनी गाल सोलवटतो आणि घोडा अर्धवट चावलेला घास खाली टाकतो. लसी आणि जंतांचं औषध आलंच. खरा फटका पोटशूळाचा. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आत अडकलेलं वर येऊन सुटका होत नाही. आतड्याला पीळ पडला तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तिचं बिल कधीकधी घोड्याच्या किमतीपेक्षा मोठं असतं. त्यात घोडा 25-30 वर्षं जगतो. म्हातारपणी पाठीवर बसता आलं नाही तरी त्याचं खाणं चालूच.

म्हणून घोडा घेण्याआधी वर्षभर हा सगळा खर्च दरमहा बाजूला काढून बघा. कुठेही हात न लावता जमलं, तर साठलेली रक्कम पोटशूळासारख्या प्रसंगासाठी तयार राहते. चौथ्या महिन्यातच त्यातून उचलावं लागलं, तर उत्तर मिळालंच.

करिअरकडे वळायचं असेल तर आधी महिनाभर लीद काढणं, खरारा आणि खुरं साफ करणं एवढंच करा. खूर टाचेकडून पुढे उकरायचं, मधल्या मऊ त्रिकोणाला उकरायची आकडी लावायची नाही. तिथे काळा चिकट थर आणि कुजका वास आला तर बहुधा जमीन ओली राहतेय. घोड्यावर बसणं हा या धंद्याचा छोटा भाग आहे. हे बाकीचं काम कंटाळवाणं वाटलं तर या वाटेला जाऊ नका. पैशांच्या दृष्टीने मला नालबंदी आणि पशुवैद्यकी जास्त भरवशाच्या वाटतात, कारण त्यांचं काम टळत नाही. पण नालबंदाची कंबर लवकर जाते आणि पशुवैद्याचं शिक्षण लांबतं.

पगारातला काही भाग कापून तुमचा घोडा आमच्याच तबेल्यात ठेवा, असं मालक म्हणतात तेव्हा सावध राहा. नोकरी गेली की त्याच दिवशी घोड्याची जागाही जाते. शिवाय दहा तास दुसऱ्यांचे घोडे सांभाळल्यावर आपल्याचा नंबर शेवटी लागतो.

अजून ठरत नसेल तर नोकरी ठेवून कुणाच्या तरी घोड्यात भागी घ्या: आठवड्यातले दोन-तीन दिवस तुमचे, खर्चातला तेवढाच वाटा तुमचा. मात्र लेखी करा. डॉक्टरचं बिल कोण भरणार, तुमच्या दिवशी घोडा लंगडला तर काय, आणि मालक फोनवर सापडला नाही तर शस्त्रक्रियेला होकार कोण देणार, या तीन गोष्टी कागदावर नसतील तर पहिला हप्ता देऊ नका.