आधीच ठरलंय तर प्रचार कशाला?

प्रश्न : इलेक्शन आलं की आमच्याकडे महिनाभर नुसते भोंगे, रिक्षावर रेकॉर्डिंग, पत्रकांचा खच. मत कोणाला द्यायचं हे लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. मग हा गोंगाट कशाला, थेट मतदानच घ्या की!
– एक वाचक, सांगली

उत्तर : भोंग्यांचा त्रास होतो हे शंभर टक्के मान्य, पण प्रचारच नको हे मला अजिबात पटत नाही. १९५७ ची निवडणूक बघा. नोव्हेंबर १९५६ मध्ये दिल्लीने मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधून द्वैभाषिक मुंबई राज्य केलं होतं, मुंबईसह महाराष्ट्र मागताना गोळीबारात शंभरावर माणसं गेली होती, लोक चिडलेले होते पण मतदानात काही 'मुंबई कोणाची' असा प्रश्न नव्हता. तो प्रश्न निवडणुकीत आणला प्रचाराने. समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आंबेडकरांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, एरवी एकमेकांशी भांडणारी ही मंडळी संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आली, अत्र्यांच्या सभा आणि त्यांचा 'मराठा' पेपर, शाहीर अमर शेखांचा तो खडा आवाज, सगळं गिरणगावापासून खेड्यापाड्यापर्यंत पोचलं.

आणि तेव्हा शिक्का मारायचा नव्हता बरं का! प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्हाचं चित्र, आत जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. ज्याला अक्षरओळख नाही त्याला बैलजोडी कोणाची, कणीस-विळा कोणाचा हे कोणीतरी आधी सांगायला नको का? ते प्रचारानेच केलं.

पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस आपटली, मुंबईतून कम्युनिस्ट नेते डांगे लोकसभेत गेले, खुद्द काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडला थोडक्यात वाचले. सत्ता काँग्रेसचीच राहिली, म्हणजे नुसते आकडे बघितले तर समिती हरलीच. पण द्वैभाषिक चालणार नाही हे त्या निकालाने दाखवून दिलं, पुढे यशवंतरावांनीच ते दिल्लीच्या गळी उतरवलं आणि १ मे १९६० ला आपलं राज्य झालं. नुसतं गुपचूप मतदान घेतलं असतं तर एवढं सगळं त्यातून कळलं असतं? मला नाही वाटत.

भोंग्याचं म्हणाल तर रात्री दहानंतर परवानगीच नसते, तरी वाजला तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या तक्रारीच्या ॲपवर व्हिडिओ टाका. पण उमेदवार दारात आला तर दार लावून घेऊ नका, नळाला पाणी कधी येणार ते चारचौघांसमोर विचारा, निवडून आल्यावर तो असा हाताशी सापडत नाही.